चोरबटण

वागळे इस्टेटात, बावीस नंबर रोडच्या वळणावर
माझं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, दोन स्टुलं
आणि भिंतीवर टांगलेले गिअर लॉक,
वाळलेल्या खेकड्यांसारखे.
सायरन विकतो, स्टेअरिंगला अडकवायचा पिवळा दांडका विकतो,
ट्रॅकर बसवतो काड्यापेटीएवढा,
ज्याला गाडी कुठं आहे ते कळतं
आणि गाडीला तो कुठं आहे ते कळत नाही.

पण माझं खरं काम चोरबटणाचं.
एक वायर मध्येच तोडायची, तिला बटण द्यायचं,
ते असं लपवायचं की किल्ली असूनही गाडी हलू नये.
चोरखिसा चोराचा नसतो, तसंच हे.
जागा वहीत लिहायची नाही. गिऱ्हाइकाच्या कानात सांगायची
आणि आपण विसरायची.
धंद्याचा नियम आहे. मीच घातलेला.

सात वर्षांपूर्वी टिपणीस साहेब आले,
जकात खात्यातून रिटायर झालेले, करडी अल्टो घेऊन.
सगळंच हवं होतं त्यांना: लॉक, दांडका, सायरन, ट्रॅकर, बटण.
म्हटलं, साहेब, एवढ्यात अर्धी गाडी आली असती.
म्हणाले, तीस वर्षं नाक्यावर काढलीत,
लोक काय काय कुठून नेतात ते मला विचार.
जागा सांगितली तेव्हा हसले:
"बायकोलाही नाही सांगणार."
मीही हसलो होतो.

परवा बाई आल्या. पाचपाखाडीहून, रिक्षानं.
साहेब माघात गेले.
गाडीला गिऱ्हाईक ठरलंय. नवी बॅटरी घातली,
किल्ली फिरते, गाडी ढिम्म.
टोइंगवाल्यानं साखळी लावली मात्र, सायरन बोंबलला,
वॉचमन काठी घेऊन धावला,
दुसऱ्या मजल्यावरून कामेरकर ओरडले, चोर, चोर!
"आणि मी तिथंच उभी," बाई म्हणाल्या, "हातात पर्स."
ट्रॅकरचे मेसेज साहेबांच्या फोनवर येतात.
फोन त्यांनी कपाटात ठेवलाय, चार्ज करून.
रोज रात्री दहाला उजळतो:
वाहन सुरक्षित आहे.

गेलो. सीटवर बसलो. डॅशबोर्डखाली, ॲशट्रेमागं,
फ्यूजच्या डब्यात बोटं घातली.
तीनशे गाड्यांची बटणं बोटांत गुंतलेली,
एक सोडवावं तर दुसरं.
मग डोळे मिटले आणि बटण सोडून
साहेब आठवायला लागलो.
उजवा गुडघा धरून बसायचे. कुरकुरायचे नाहीत.
पैसे दिले तेव्हा चेकबुक तिरकं धरलं होतं,
मनगट उलटं वळवून...
"बाई, साहेब डावखुरे?"
"हो. जेवायचे मात्र उजव्या हातानं.
सासूबाईंनी मारून शिकवलं होतं."

डावा हात सैल सोडला, जिथं पडेल तिथं.
सीट आणि हँडब्रेकच्या मधे, मॅटखाली
एक टणक फोड.
दाबली.
इंजिन खोकलं, आणि धरलं.

बाई म्हणाल्या, थांबा, मला दाखवा.
वाकल्या. बोट ठेवलं. बंद केलं, चालू केलं.
पुन्हा बंद, पुन्हा चालू.
मी किल्ली फिरवत राहिलो त्यांच्या बोटाच्या हिशेबानं.
गाडी त्यांना चालवता येत नाही.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो,
आणखी कोणाला सांगू?
लोक विचारात पडतात, फोनकडे बघतात.
बरेच म्हणतात, नको, राहू दे.

त्या रात्री पोरीला जवळ बसवलं.
माझ्या सायकलच्या साखळीला चार आकडी कुलूप आहे.
म्हटलं, जुईली, लक्षात ठेव, नंबर...
मान वर न करता ती म्हणाली,
"सत्तावीस शून्य तीन. बाबा, दुसरीत असल्यापासून
मी नेते ना तुमची सायकल."