पुरावा जोडा

अर्जाचा सातवा रकाना विचारतो :
ह्या जागेसाठी स्थानिक माणूस का मिळाला नाही?
पुरावा जोडा.

काय जोडू?
पोस्टाच्या दारावर आठ महिने फडफडलेली जाहिरात,
जिचा खालचा कोपरा कुत्र्याने खाल्ला?
की ओहायोचे ते गृहस्थ, जे ऑक्टोबरात विमानातून उतरले,
शाळेतला गोठलेला नळ एकदा पिरगाळून पाहिला
आणि त्याच विमानाने परत गेले?
पायलटने इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

लुझविमिंदाबाई राहिल्या.
इलोइलोच्या. तीन बेटांची नावं सांधून आईबापांनी ठेवलेलं नाव,
आमच्या पोरांनी त्यातली दोन समुद्रात सोडून दिली :
मिस लूझ.
पहिल्या हिवाळ्यात पापण्या गोठल्या
तेव्हा बाई हसत सुटल्या, मग रडल्या,
आणि रडल्यामुळे आणखी गोठल्या.
एजन्सीचं कर्ज फिटायला तीन वर्षं गेली.
मला ठाऊक आहे, पावत्या माझ्याच यंत्रातून निघायच्या.

अपूर्णांक त्यांनी सीलच्या मांसावर शिकवले.
सील एक, घरं सात, म्हाताऱ्यांना आधी.
वासिलीने विचारलं, आधी म्हणजे किती छेद किती?
बाई बराच वेळ गप्प.
दुसऱ्या दिवशी त्याच्या आजोबांना वर्गात बोलावलं,
सुरीसकट.

पाच वर्षं संपली.
व्हिसा म्हणतो, आता दोन वर्षं मायदेशी काढा.
गावसभेने पत्र लिहिलं. एकतीस सह्या, एक अंगठा,
एकाने नुसताच मासा काढलेला.
उत्तर छापील आलं.
गावाचं नाव चुकलेलं.

इथे धावपट्टीवर माणसालाही सामानासकट तोलतात.
आल्या तेव्हा बॅग धरून एकशे साठ पौंड.
काल काट्याकडे बघून पायलटने भुवई उचलली :
नऊ जास्त.
धुरावलेला मासा आहे, म्हटलं मी. खोटं नव्हतं.
वासिली टोपीत तोंड खुपसून पुटपुटत होता,
नऊ छेद एकशे साठ...
मग पंख्याच्या आवाजावरून ओरडला,
"बाई, ह्याला संक्षिप्त रूपच नाही!"
त्यांनी काचेआडून मान हलवली,
बरोबर उत्तराला हलवायच्या तशी.

आज कचेरीत नवा अर्ज.
सातव्या रकान्यात मी तो अपूर्णांक लिहिला,
खोडला,
आणि जाहिरातीची तारीख टाकली.