एल जेम, सेकंड क्वालिटी

ऑर्डर ट्युनिशियाची होती.
चार फोटोंच्या रंगीत झेरॉक्सी, चार टॉवेल,
समुद्रकाठच्या दुकानांसाठी:
सिदी बू सैदचं निळं दार,
कैरवानची मशीद,
कार्थेजचे उरलेसुरले खांब
आणि एल जेमचं रिंगण.

नायनानं भद्रावती पेठेतल्या खोलीत
ग्राफच्या कागदावर ते बांधायला घेतलं.
एक चौकोन, एक धागा.
दार दोन दिवसांत झालं, त्यावरच्या काळ्या खिळ्यांसकट.
मशिदीला आठवडा लागला.
खांबांनी फारसा त्रास दिला नाही,
वर काही पेलायचंच नव्हतं त्यांना.

रिंगणाशी मात्र तो अडला.
तीन मजले, कमानीमागे कमान,
आणि एका बाजूला सगळं खचलेलं,
नुसतं आभाळ.
त्यानं कागद बल्बखाली धरला, तिरका केला,
आईला दाखवला.
आई विडीला दोरा गुंडाळत म्हणाली,
झेरॉक्सवाल्यानं खाल्लं असंल.

मग त्यानं डावीकडच्या कमानी मोजल्या
आणि उजवीकडे तेवढ्याच चढवल्या.
लाल पेन्सिल, अकरा रात्री.
कधीकाळी तोफा लावून पाडलेली ती भिंत
जॅकार्डच्या खडखडाटात पुन्हा उभी राहिली,
पिवळ्या सुतात,
पक्क्या रंगात.

माल सूसहून परत आला.
शेठनं पत्र वाचून दाखवलं:
आमच्याकडे लोक पडलेलंच बघायला येतात.
नायना बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पडकंच होतं की काय ओ ते?
आणि अर्धा पगार खिशात घालून
सायकल ढकलत घरी आला. पंक्चर नव्हती.

टॉवेल मंगळवार बाजारात किलोवर गेले.
त्या मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
अर्धं सोलापूर अख्ख्या एल जेमनं घाम पुसत होतं.
रिक्षाच्या सीटवर एल जेम,
न्हाव्याच्या खांद्यावर एल जेम,
गरम भाकरीच्या चवडीवर
वाफेनं ओलं झालेलं एल जेम.
कुणी विचारलं नाही हे कुठलं.
एका म्हातारीला तो आपला भुईकोट वाटला,
तिनं दोन जास्तीचे घेतले.

आता त्याचे डोळे गेलेत, निम्मे.
रविवारी मी त्याला किल्ल्यात नेते.
ढासळलेल्या बुरुजापाशी तो थांबतो,
बोट हवेत वर जातं, खाली येतं,
एक चौकोन, एक धागा.
तिकिटवाला म्हणतो, चला काका, बंद करायचंय.
पाचशे बारा हुक लागतील, नायना म्हणतो,
आणि पेन्सिलीसाठी
खिसा चाचपतो.