डावी बाजू

मुलांच्या घसरगाडीवर, शालीत गुंडाळून,
दौगावाचा पूल ओलांडत आणला तिनं तो अ‍ॅम्प्लिफायर,
आजारी वासरू आणावं तसा.
स्कायद्रीते ओझोला, वय शहात्तर.
"डावीकडचं बोलत नाही," म्हणाली.
कधीपासून?
"मला परवा कळलं. नातवानं सांगितलं."

लगेच उघडला नाही.
बर्फातून आलेल्या लोखंडाला दुकानात घाम फुटतो,
तो सुकेपर्यंत चहा.
ज्या कारखान्यात हा जन्मला तिथं मी नऊ वर्षं काढली.
तिथं आता गाद्या विकतात.

झाकणाचे स्क्रू आठ. एक नव्हता,
एक परक्या जातीचा.
म्हणजे माझ्याआधी कुणीतरी आत येऊन गेलेलं.

मोजताना एक हात खिशात ठेवायचा.
पहिल्याच दिवशी ब्रोनिस्लावाबाईंनी बजावलं होतं:
एका हातानं शिरलेली वीज
दुसऱ्या हातानं बाहेर पडते,
आणि वाट काळजातून जाते.
म्हणून चाळीस वर्षं
मी अर्ध्या अंगानं काम करतो.

उजवी बाजू धडधाकट, म्हणजे नकाशा हाताशी.
तिकडे टेकवायचं, मग इकडे.
तिकडे शून्य पूर्णांक सहा व्होल्ट.
इकडे नुसतं शून्य.
तिकडे परत शून्य पूर्णांक सहा.
इकडे काही नाही, इकडे
कुणी राहतच नाही.

मग फ्यूज दिसला.
काचेच्या नळीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी,
नीट गुंडाळून, नखानं दाबून गुळगुळीत केलेली.
त्याच्यामागं कोळसा झालेला रेझिस्टर,
आणि त्याच्याही मागं, धातूची टोपी घालून साळसूद बसलेला
ट्रान्झिस्टर, आरपार शॉर्ट.
फ्यूज बिचारा कर्तव्य करून मेला होता.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि वर सुळीला चांदीचा वर्ख.

"घरात सिगारेट कोण ओढायचं?"
"वाल्फ्रीद्स," ती म्हणाली.
चहा निवत गेला.
"एकदा घरभर मासा करपल्यासारखा वास.
भर जानेवारीत त्यानं खिडकी उघडली,
म्हणाला, शेजारचं असेल काहीतरी.
त्याच आठवड्यात खुर्च्या बदलल्या.
तू उजवीकडे बस, म्हणाला, तिथं बरं ऐकू येतं.
तो डावीकडे. डोळे मिटून. अकरा वर्षं.
मला वाटायचं, झोपतो."

मी डोकं खाली घातलं. टाका वितळवायला
कुणाकडे बघावं लागत नाही.

ट्रान्झिस्टर जोडीनंच बदलले, एकटा कधी बदलू नये.
खाली अभ्रकाची चकती, तिला पांढरं मलम.
वाटेत साठ वॅटचा जुना बल्ब जोडून बटण दाबलं.
बल्ब दचकून उजळला,
आणि हळूहळू विझत्या निखाऱ्याएवढा झाला.
ठीक.
बल्ब उजळलेलाच राहिला असता, तर सगळं परत उसवावं लागलं असतं.
बारक्या स्क्रूनं पंचवीस मिलीव्होल्टवर आणून ठेवलं.

तपासणीची रेकॉर्ड माझी नेहमीचीच, बायकांचा कोरस,
उंच आवाज उजवीकडे, खर्जातले डावीकडे.
पहिलं कडवं तिनं उभ्यानंच ऐकलं.
"या बायका कुठं होत्या?"
डावीकडे, मी म्हणालो.

बॅलन्सचा खटका दाखवला.
तिनं तो सरळ उजव्या टोकाला नेला.
खर्ज गेला. खोली तिच्या ओळखीची झाली.
बराच वेळ तशीच बसली.
मग उलटा फिरवत आणला,
अगदी मधोमध नाही,
घड्याळात एक वाजतो तिथपर्यंत.

बिल: ट्रान्झिस्टर दोन, रेझिस्टर एक, फ्यूज एक.
जुना फ्यूज मी टोपलीत टाकणार, तेवढ्यात
तिनं हातमोजा काढला
आणि तळवा पुढं केला.