ओळंब्याबाहेर

पाच दारं, पाच जाडीच्या भिंती.
मी वहीत आकडे मांडत गेलो तशी ग्वेनलियन हसत गेली:
एकशे अठ्ठावीस, एकशे एकतीस, पुन्हा एकतीस, छत्तीस,
आणि मागच्या खोलीशी एकदम बेचाळीस मिलिमीटर.
"आजोबांनी बांधल्या," म्हणाली,
"आठवडाभर खाणीत पाटीचा दगड फोडायचे,
शनिवारी दुपारी घर."

लाकूड मी स्वतः निवडलं.
पोविसच्या गिरणीत, बोटं बधिर होईपर्यंत,
एकेक फळी डोळ्याशी धरून नेम घेतल्यासारखी पाहिली.
पिळलेली बाजूला.
बिजागरीच्या जागी गाठ येणारी बाजूला.
गिरणीवाला वैतागला: पाइन घे, रंग फास, कोण बघतंय?
पण ओक गाभ्यातून सरळ चिरला
की अंगावर चंदेरी शिंतोडे उमटतात,
माशाच्या खवल्यांसारखे.
तसल्या फळ्या मी उभ्यांसाठी राखल्या.
वरच्या आडवीकडे मान वर करून कोण पाहतो?

मग पंधरा दिवस काहीच नाही.
जिन्याखाली फळ्या, मधे चिपा घालून रचलेल्या.
पाहुण्याला आपण आधी पाणी देतो,
ओककडून आधी काढून घ्यायचं.
माझा शागीर्द मॅक्सेन रोज विचारायचा, आज?
आज नाही.
त्यानं लोखंडी स्क्रू आणले होते.
मी काही बोललो नाही, एका तुकड्यावर ओला खिळा ठेवला.
सकाळी तिथे दौत सांडल्यासारखा डाग.
तो गेला आणि पितळेचे घेऊन आला.

खाच पटाशीनं, दोन हात खाली,
मधे तात्पुरती पट्टी, म्हणजे पाय फाकणार नाहीत.
जमीन डावीकडे नऊ मिलिमीटर उतरलेली,
म्हणून डावा पाय तेवढा लांब.
समोरासमोरून पाचरी, आत, थोडी आत,
आणि ओळंबा सोडायचा. वाट बघायची.
सुतानं स्वर्ग गाठायचा नाही,
तळाला टोक शांत झालं की पुरे.
चार चौकटी अशा बसल्या.

पाचवीपाशी ग्वेनलियन येऊन उभी राहिली.
"ही जुन्यासारखीच बसव. वाकडी."

चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलेलं नाही.
जुनी चौकट वरून खोलीकडे कललेली,
दार लोटलं तरी आपोआप हळूहळू उघडायचं.
मी म्हटलं, तोच तर दोष.
ती आतल्या पलंगाकडे पाहत होती.
काराडॉग, तिचा भाऊ,
एकतीस वर्षं पाटीच्या दगडाची धूळ ओढलेला.
आता हाक मारण्याइतका वारा त्याच्यापाशी नाही.
जिन्याकडून झुळूक येते, दार लोटलं जातं,
मग दार स्वतःच उघडतं,
आणि स्वयंपाकघरात तिला ते ऐकू येतं,
ते, भात्यासारखं.

मॅक्सेन माझ्याकडे बघत राहिला.
रात्री मी टेबलावर दोन बिजागऱ्या ठेवून बसलो होतो.
बायको म्हणाली, जेव तरी.

चौकट मी ओळंब्यातच बसवली.
त्यात तडजोड नाही. हाताला लाज असते.
फक्त वरच्या बिजागरीचा घर केला
तेव्हा तिचा कणा नखभर पुढे घेतला, खोलीकडे,
खालची होती तिथेच.
खटका लावलाच नाही.
दार लोटलं. टेकलं.
आम्ही तिघं गप्प.
मग ओकचं जड दार,
कुणी न बोलावता उठलेल्या माणसासारखं,
वीतभर उघडलं
आणि थांबलं.

आतून काराडॉग काहीतरी म्हणाला.
ग्वेनलियन हसली, आम्हाला सांगितलं नाही.
पाचरींचे उरलेले तुकडे मॅक्सेननं झाडले.
उंची लिहिलेली पेन्सिलीची खूण मी पुसली,
पण पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला,
जी आता कुणाला दिसायची नाही,
तिथे तारीख तशीच आहे,
आणि खाली बारीक अक्षरात: दोष नव्हे.