मेणातला अंगठा

लक्ष्मीपुरीतनं भंगाराच्या भावानं आणलं,
साडेसहा किलो. काट्यानं नाव विचारलं नाही.
हँडल जाम, दट्ट्या डायमध्ये रुतलेला,
टाकीत मेणचरबीचं काळं ढेकूळ.

गौसचाचा शिकलगार उद्यमनगरातनं मुद्दाम बघायला आले.
"गोळी मापात आणायचं हाय हे.
शिशाची गोळी वरनं दाबायची,
वंगण अंगाला लागून खाली उतरती, थाऊचा फरक न्हाई.
हातोडा घालशील तर बघ. ऊब दे त्याला."

तीन दिवस रॉकेलमध्ये.
चौथ्या दिवशी बायकोचा जुना हेअर ड्रायर.
मेण आधी घामेजलं, मग सुटलं,
आणि लेथच्या तेलकट खोलीत
कुठल्या तरी पोळ्याचा वास,
किती वर्षं कोंडलेला, कोण जाणे.

गंजाखाली हिरवा रंग निघाला,
हिरव्यात खिळ्यानं कोरलेलं: आ. बा. घो.
आनंदा? आप्पासाहेब? घोरपडे, घोडके, घोटणे?
चाचांनाही आठवेना.

दट्ट्या आरशागत झाला. स्प्रिंग नवी, चौदा रुपयांची.
आता हँडल एका बोटानं खाली जातं.
"आता दाबणार काय ह्यात?" बायको विचारते.
परवाना नाही, शिसं नाही,
बंदूक आमच्या सात पिढ्यांत कुणी धरलेली नाही.
वीज गेली की रिकामंच दाबत बसतो.

झाकण मात्र तसंच ठेवलंय.
आतल्या बाजूला, मेणात, एक अंगठा आहे,
रेषांसकट.
चिंधी तिथवर नेली आणि परत आणली.

काल माझा त्यावर टेकवून बघितला, हळूच.
एक सूत मोठा भरला.