दोन-वीसचं सूत

सोलापुरात कुठला आलाय समुद्र,
असं जावई म्हणतो. खरंच म्हणतो.
तरी फाल्गुन लागला की
कॅमेरा टॉवेलात गुंडाळून मी निघतो,
कुगावला हरिबा मल्लावच्या पडवीत रात्र काढतो.
उजनीच्या पाण्याला काठ आहे, चिखल आहे,
वारा असला तर लाटाही.
कुरव येतात.
त्यांना जावयाचं म्हणणं कळलेलं नाही.

हरिबा काठी रोवतो, नाव थांबते.
"हालू नगा. हितं खाली आमची तालीम हुती."
तालमीच्या मातीत, गुडघाभर पाण्यात
रोहित उभे,
जोर मारून दमल्यासारखे, माना खाली.

तेहतीस वर्षं मी ग्राफवर पक्षी काढले.
चादरीचा मोर अठ्ठेचाळीस चौकोन लांब,
डोळा एक चौकोन, काळा.
पत्त्यांना भोकं पडली की जेकार्ड
तोच मोर विणत राही
रुखवतासाठी, लॉजसाठी, दवाखान्याच्या खाटेसाठी.
उडायचं त्याच्या मनात आलं नाही,
माझ्याही.

इथे डोळा पिवळा आहे.
हे मला साठीनंतर कळलं.

बटण दाबलं आणि थवा उठला.
फोटोत गुलाबी, पुसल्यासारखं काहीतरी
आणि हरिबाची काठी.
"आलं का?"
आलं, म्हटलं.

घरी, विडी घरकुलात, पाणी सहाव्या दिवशी येतं.
भांडी विसळलेल्या पाण्यावर भूदेवीनं
तीन वांगी, एक जास्वंद, थोडा गवती चहा जगवलाय.
बाग म्हणायची ती एवढीच.
"पिट्टा," ती हळूच म्हणाली,
आणि वांग्याकडे हनुवटी केली.

पान दुमडून कुणीतरी शिवलेलं.
शिंपी! अंगठ्याएवढा जीव, शेपूट वर,
टाका घालतो, मागे सरून बघतो,
चेकर बघायचा तसा.
लेन्स फिरवली तर दोरा पोपटी.
ओळखला मी तो.
दोन-वीसचं सूत, रायलिंगूच्या कारखान्यातलं,
रंग पळतो म्हणून अख्खा लॉट परत आला होता.
ह्याला चालला.

आतली अंडी दिसावीत म्हणून
मी बोट पुढे केलं.
"पानाला हात नको."
चाळीस वर्षं तिनं पानं भिजवली, कापली, वळली,
दोऱ्यानं बांधली, हजारी मोजून दिली.
पानाच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

त्या महिन्यात वांगी झाडावरच पिवळी पडली.
आमटीत नुसता शेवगा.

फोटो एकच धड आला:
पानाच्या कडेशी चोच, चोचीत दोऱ्याचं टोक,
आणि डावीकडे, अर्धवट,
तांब्या धरलेलं भूदेवीचं कोपर.
जावई म्हणाला, मामा, तेवढं कापून टाका,
पक्षी उठून दिसेल.
राहू दे म्हटलं.
किनार आहे ती.