सालाखालचे ठिपके

लॉट दोनशे बारा. वर्णन मीच लिहिलं होतं:
‘रुपया, चांदी, १८६२. राणीचं नाक झिजलेलं.
कडेला डाखाची खूण, दागिन्यातून काढलेला. सदोष.’
एवढ्यात एक गळा मिटवून टाकला मी
आणि पुढचं घेतलं हातात:
कोल्ह्याच्या शिकारीच्या बश्या, सहापैकी पाच.

मंगळवारी लडलोला लिलाव असतो.
ओल्या कोटांना मेंढरांचा वास,
कोपऱ्यात चहाचा पिंप, नळाला फडकं बांधलेलं.
तिसऱ्या रांगेत, रेडिएटरला गुडघे लावून
इद्रिस प्यू बसतो. रेल्वेत सिग्नलमन होता.
हिंदुस्थान पाहिला नाही, पाहायचाही नाही त्याला.
लोक नाण्यावरच्या राणीकडे बघतात,
हा नाणं उलटं करतो.

कारण त्या टांकसाळीत साल बदलायचंच थांबलं होतं.
चौसष्ट उजाडलं, नाण्यावर बासष्ट.
सत्तर उजाडलं, दुष्काळ आला, गेला,
नाण्यावर बासष्ट.
फक्त सालाखाली बारीक ठिपके वाढत गेले,
कुणीतरी गुपचूप दिवस मोजावेत कोठडीच्या भिंतीवर
तसे.

प्यूकडे सगळे आहेत. एक सोडून.
त्याच्या स्वयंपाकघरात म्हणे कॅलेंडर अजून
ग्वेनच्या हातचंच लागलेलं आहे, मार्चवर.
हे मला पोस्टातल्या बाईनं सांगितलं.
मी विचारलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी भिंगाखाली
चाळीस मिनिटं धरून बसला तो रुपया.
‘सहा आहेत की सात?’
मी पाहिलं. सहा दिसत होते स्पष्ट,
आणि सातव्याच्या जागी एक फुगीर काळपट थेंब.
‘डाख असेल,’ म्हटलं, ‘सोनाराचा हात हलला असेल.’
‘सोनाराचा,’ तो म्हणाला, जणू त्या माणसाचं नाव विचारतोय.

मग आम्ही दोघंही गप्प.
कुठल्या गावातला सोनार, कुणाच्या लग्नाआधीची घाई,
ओवलेल्या किती रुपयांतला हा कितवा,
तिच्या हाडाला घासून घासून
राणीचं नाक कुठल्या वर्षी सपाट झालं,
आणि कुठल्या वाईट वर्षी माळ तुटून
एकेक नाणं दुकानाच्या गल्ल्यात गेलं,
कॅटलॉगमध्ये याला रकाना नाही.

लिलावात फोनवर सिंगापूरचा कुणी होता.
ऐंशीपर्यंत आला, मग डाखाचं विचारलं,
मी खरं ते सांगितलं, तो गेला.
मागच्या रांगेतल्या जांभळ्या स्कार्फवालीनं उगाच एकदा हात वर केला.
एकशे दहाला हातोडी पडली
आणि प्यूनं पाकिटातून
दहा-दहाच्या नोटा मोजल्या, थुंकी लावून,
दोनदा.

पावती देताना म्हटलं,
‘परत करायचं असेल तर आठवडाभरात.
सातवा ठिपका नाहीच तो, मला आता खात्री आहे.’
‘मलाही,’ तो म्हणाला.
रुपया रुमालात गुंडाळला,
रुमाल आतल्या खिशात, खिशावर हात,
आणि बसस्टॉपकडे निघाला, पावसात, टोपी न घालता.

जूनच्या कॅटलॉगला पुन्हा एक आला तसाच,
अर्धा आणा इतका डाख, कडी तुटलेली.
‘सदोष’ लिहिलं. खोडलं.
‘वापरलेला’ लिहिलं. मग ‘घातलेला’.
साहेबांनी लाल पेन्सिलीनं परत ‘सदोष’ केलं,
त्यांचंही बरोबर, किंमत त्याच शब्दावर ठरते.

छापून आलं तेव्हा
त्या शब्दापुढचा पूर्णविराम जरा मोठा पडला होता,
शाई फुटल्यासारखा, काळपट, फुगीर.
छापखान्याला फोन करायला हवा होता.
केला नाही.